नवरदेवाला हवा येऊ द्या!

मे महिना. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरदेव उभा आहे. अंगात बनियन, त्यावर कुर्ता, त्यावर अस्तर लावलेली जरीची शेरवानी, खांद्यावर शेला, डोक्यावर फेटा, कपाळाला मुंडावळ्या, गळ्यात मोत्यांच्या माळा आणि पायात बंद मोजडी. मंगलाष्टकं म्हणायला मावशी, आत्या, काकू अशा तिघीचौघी माइकसमोर रांगेत. प्रत्येकीची दोन तरी कडवी ठरलेली. नवरदेवाच्या कानामागून घामाची एक धार निघते ती थेट कॉलरमध्ये. समोर बसलेल्या आपण सगळ्यांनी काय घातलंय? सुती कुर्ता, नाहीतर हलकी साडी, आणि वारा घ्यायला हातात पत्रिका. अख्ख्या मांडवात बाहेर किती ऊन आहे हे ज्याला कुणीच सांगितलेलं नाही असा माणूस एकच, आणि आजचा दिवस म्हणे त्याचाच!

आपल्याकडे लग्नं उन्हाळ्यातच का, हा प्रश्न दर वर्षी उसाचा रस पिताना कुणीतरी विचारतंच. शाळा-कॉलेजला सुट्टी, रब्बीचं पीक निघालेलं, पेरणीला अजून वेळ, आणि आषाढी एकादशीनंतर चातुर्मास सुरू झाला की मुहूर्त जवळपास बंद. त्यामुळे लग्नं उन्हाळ्यातून हलणार नाहीत. हवामान खातं मैदानी भागात पारा ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेला की उष्णतेची लाट म्हणतं, किनाऱ्यावर ३७ अंशांनाच. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतली नागपूर-चंद्रपूरची कितीतरी लग्नं अधिकृतपणे लाटेत लागतात. बदलता येण्यासारखी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे कपडे.

आणि ते बदलायला सध्या वेळही चांगली आहे. कारण आपल्या वयाच्या आसपासची बरीच जण 'साधं करायचं' म्हणायला लागली आहेत. साधं म्हणजे कुणाचं रजिस्टर लग्न आणि मग शंभर माणसांचं जेवण, कुणाचं गावच्या घराच्या अंगणात, कुणाचं आंब्याच्या वाडीत, कुणाचं गच्चीवर गोरज मुहूर्तावर. पत्रिकेत आता 'ड्रेस कोड : कॅज्युअल' असंही छापलेलं दिसतं. पाहुण्यांना ते लगेच कळतं. पण नवरदेवानं कॅज्युअल म्हणजे काय घालायचं, हे कुणालाच नीट माहीत नसतं. जीन्स घालायची नाही हे नक्की. शेरवानी घातली तर पाहुण्यांमध्ये आपणच एकटे राजे दिसणार. मग मधलं काय?

दुकानातला एसी आणि मांडवातला पंखा

आधी शेरवानीचं बघू, कारण बहुतेकांची पहिली धाव तिकडेच असते. मध्यम बजेटमधली तयार शेरवानी उलटी करून पाहा. बाहेरचं चमकणारं कापड बऱ्याचदा 'आर्ट सिल्क' असतं. यातला 'आर्ट' कलेचा नाही, आर्टिफिशियलचा आहे! म्हणजे बहुधा पॉलिएस्टर, नाहीतर रेयॉन. त्याच्या आत आकार धरून ठेवायला कॅनव्हास किंवा चिकटवलेलं फ्युजिंग, कॉलरमध्ये बकरम, आणि सगळ्यात आत गुळगुळीत अस्तर, तेही बहुतेक वेळा पॉलिएस्टरचंच. नवरदेवाच्या त्वचेला टेकतं ते हे अस्तर. दुकानदार आपल्याला हात फिरवायला लावतो तो मात्र बाहेरच्या जरीवर.

आता थोडं सायन्स, पण फार नाही. घाम आला म्हणून आपण थंड होत नाही, घाम वाळला की थंड होतो. त्यामुळे कापडानं दोन कामं करायला हवीत. ओलावा शोषून घ्यायचा आणि हवा आत-बाहेर जाऊ द्यायची. टेक्स्टाइल शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना 'मॉइश्चर रिगेन' हा आकडा पाठ असतो. नेहमीच्या हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस साधारण साडेआठ ग्रॅम ओलावा धरतो, रेशीम ११ ग्रॅमच्या आसपास, लिनन १२ च्या आसपास. आणि पॉलिएस्टर? अर्धा ग्रॅमही नाही. म्हणजे त्या अस्तराच्या आत घाम नुसता वाहणार, जाणार कुठेही नाही.

हे सगळं दुकानात कळत नाही, कारण ट्रायल रूममध्ये मस्त एसी असतो. माझं म्हणणं असं की शेरवानी पसंत पडली तर ती घालून दुकानाबाहेर फुटपाथवर दहा मिनिटं उभं राहायची परवानगी मागा. देणार नाहीत. पण मागितल्यावर दुकानदाराच्या चेहऱ्यावर जे काही दिसेल त्यावरून बराच अंदाज येईल.

कापड खरंच सुती किंवा रेशमी आहे का, हे ओळखायची एक जुनी युक्ती आहे. कडेचे दोन-चार धागे काढून घ्या आणि मोकळ्या जागी, चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर मात्र वितळतं, गोळा होतं आणि तो गोळा थंड झाल्यावर टणक लागतो. हा प्रयोग दुकानात करू नका, अर्थातच.

यात गंमत वाटत असली तरी एक गंभीर गोष्ट आहे. आपल्या लग्नात होम असतो. लाजाहोम, सप्तपदी, सगळं अग्नीच्या अगदी जवळ, खाली बसून, उपरण्याला शालूची गाठ मारलेली आणि दोन्हींची टोकं जमिनीवर लोळतायत. ठिणगी उडाली तर सुती कापडही पेटतंच, पण सिंथेटिक कापड वितळून त्वचेला चिकटतं आणि जखम वाईट होते. घरातल्या मोठ्या बायका होमाच्या वेळी पदर सावरायला सांगतात ना, तसं शेला सावरायला नवरदेवालाही कुणीतरी सांगायला हवं. करवलीकडे हे काम द्या, तिला एरवीही नुसतं मागे उभं राहून कंटाळा येतो.

आजोबांना माहीत होतं

धार्मिक विधींच्या वेळी आपल्याकडे नवरा मुलगा जे नेसतो ते उन्हाळ्याचा विचार करूनच ठरवलं असावं असं वाटतं. कद किंवा धोतर, आणि अंगावर उपरणं. बस्स. चार-साडेचार मीटरचं धोतर, कुठेही शिवण नाही, पायांभोवती हवा खेळती. पण होतं काय, की विधींपुरतं ते नेसायचं आणि ऐन गर्दीच्या वेळी, मंगलाष्टकांना आणि फोटोंना, अंगात कोट चढवायचा. म्हणजे सकाळी नऊ वाजता हवेशीर आणि दुपारी साडेबाराला बंद डबा!

मला वाटतं हा क्रम थोडा उलटा करून बघायला हरकत नाही. धोतरावर पातळ सुती कुर्ता आणि उपरणं हा वेश मुहूर्तालाही उत्तम दिसतो, फोटोतही. आता शिवलेलं धोतर मिळतं, कमरेला इलॅस्टिक किंवा वेलक्रो असलेलं. सुटायची भीती नाही. जुन्या पिढीतले लोक त्याला हसतात, हसू देत. शिवताना खिसा मात्र लावून घ्या. नाहीतर आपला मोबाइल दिवसभर ज्या मित्राकडे असतो त्याच्या ताब्यात आपलं सगळं चॅटही असतं, एवढंच लक्षात ठेवा.

उपरणं हा हौस करायचा खरा भाग. विदर्भातलं करवतकाठी घ्या. भंडाऱ्याकडचं टसर, काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. महेश्वरी घ्या, ज्यात उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. नर्मदेकाठच्या महेश्वरचा हा धंदा अहिल्याबाई होळकरांनी वाढवला, त्यामुळे तो आपल्याला थोडा आपलाच वाटतो. छत्रपती संभाजीनगरचं हिमरू सुती आणि रेशमी धाग्यांचं असतं, पण विणीला जाड. त्याचं अख्खं जॅकेट मे महिन्यात नको, खांद्यावर घडी टाकायला ठीक. पैठणीचं जॅकेट सध्या फार चालतं. दिसतं छानच, पण जर आणि घट्ट वीण मिळून ते अंगाला फडताळासारखं बसतं. आईच्या जुन्या पैठणीचा काठ काढून सुती उपरण्याला लावून घेतला तर हौसही होते आणि छातीवर ओझंही येत नाही. खणाचं जॅकेट घेणार असाल तर आधी तो धाग्याचा प्रयोग करा, कारण बाजारात सिंथेटिक खण ढिगानं आहे.

फेट्याबद्दल दोन शब्द. तयार टोपीसारखा फेटा आत कडक असतो, हवा येत नाही आणि घामानं त्याचा वासही येतो. मलमलीचा बांधलेला फेटा घामही शोषतो. बांधणारा माणूस आधी ठरवून ठेवा आणि फोटो झाले की काढून ठेवा. दिवसभर डोक्यावर ठेवलाच पाहिजे असा कुठलाही नियम नाही.

नागपूर वेगळं, चिपळूण वेगळं

'उन्हाळ्यात कॉटन घाला' एवढा सल्ला पुरत नाही, कारण महाराष्ट्रात उन्हाळे दोन आहेत. विदर्भ-मराठवाड्यात हवा कोरडी. घाम येतो तसा वाळतोही, पण ऊन चटका देतं. तिथे उघडे हात नकोत. सैल, लांब बाह्यांचा, फिक्या रंगाचा पातळ कुर्ता उन्हापासून वाचवतो. वरात दुपारची असेल तर डोकं झाकलेलं हवंच. (तिकडे ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची पद्धत आहे. शेरवानीच्या खिशात कांदा ठेवलेला नवरदेव माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.)

कोकणात, मुंबईत, गोव्यात प्रकरण उलटं. पारा ३४ वरच असतो, पण हवेत इतकी वाफ की घाम वाळतच नाही. तिथे एकावर एक थर चढवणं हीच चूक. एकच थर, तोही विरळ विणीचा, आणि बाजूला मोठे कट. जॅकेट पाहिजेच असेल तर बिनअस्तराचं. आणि अशा हवेत जाड खादीपेक्षा मलमल बरी, कारण जाड सुती कापड भिजलं की लवकर वाळत नाही आणि अंगाला ओल्या टॉवेलसारखं चिकटतं.

लिनन दोन्हीकडे चालतं. लिनन म्हणजे काय हे विचारलं तर 'काहीतरी परदेशी' असं उत्तर येतं. पण ते ज्या झाडाच्या खोडातून निघतं ते झाड म्हणजे आपलं जवस! आपण ज्याच्या बियांची चटणी भाकरीबरोबर खातो, तेच. लिननला एकच खोड, ते चुरगळतं. मुहूर्ताच्या आधी गाडीत तासभर बसलात की मागच्या बाजूला नकाशा तयार. काही जणांना तो चुरगळलेला लुकच आवडतो, पण आपल्या आजीला तो आवडणार नाही आणि ती इस्त्री घेऊन मागे लागेल. लिनन-कॉटन मिक्स हा मधला मार्ग.

पांढऱ्याला घाबरायचं कारण नाही

'लग्नात पांढरं?' असं अजूनही काही घरांत म्हणतात. पण आपल्याच शेजारच्या घरांत पांढरं हेच लग्नाचं कापड आहे. बौद्ध पद्धतीच्या मंगल परिणयात वधू-वर दोघंही पांढऱ्या वेशात असतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा लाखो माणसं पांढरे कपडे घालून आली होती, तिथून हा रंग घराघरांत गेला. मे महिन्याच्या नागपुरात पांढरा सुती कुर्ता यापेक्षा शहाणपणाचं काही नाही. अलीकडे तिथेही वर मुलगा सूट चढवायला लागलाय, ही वेगळी गोष्ट.

सेलिब्रिटी उदाहरणं हवीच असतील तर रणबीर कपूर आणि आलिया भट यांनी एप्रिल २०२२ मध्ये वांद्र्याच्या घरीच लग्न केलं, दोघंही हस्तिदंती रंगात. सोनाक्षी सिन्हा आणि झहीर इक्बाल यांनी जून २०२४ मध्ये घरी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, तेही फिक्या रंगातच, आणि तिनं आईची साडी नेसली होती. रणबीरची शेरवानी आपल्या बजेटमधली नाही, पण रंगाला पैसे पडत नाहीत.

पांढऱ्यात दोन अडचणी आहेत, त्या आधीच सांगते. एक, मलमल पारदर्शक असते. आत पांढरं बनियन घातलं तर तेच उठून दिसतं, त्वचेच्या रंगाचं घाला. बनियन घालायचंच नाही असं मात्र करू नका, पातळ सुती बनियन घाम आधी टिपून घेतं. दुसरी अडचण अक्षतांची. अक्षता कुंकवानं किंवा रंगानं रंगवलेल्या असतात आणि घामानं ओल्या झालेल्या कुर्त्यावर पडल्या की ठिपके उमटतात. वरून गुलाबाचे हार, हळद, पायरीवर औक्षण. म्हणून अक्षता बिनरंगाच्या घ्या आणि एकदम शुभ्र रंगापेक्षा मोतिया किंवा कच्च्या खादीचा रंग निवडा. भर उन्हाच्या फोटोतही शुभ्र कापड नुसतं पांढरं भगभगीत येतं, विणीचं काहीच दिसत नाही. घामाचे डाग सगळ्यात जास्त दिसतात ते राखाडी आणि आकाशी रंगांवर. नेमके हेच दोन रंग दुकानात 'समर कलेक्शन'मध्ये लावलेले असतात.

ज्यांच्याकडे सूट हाच रिवाज आहे त्यांचं काय? कॅथलिक लग्नं चाळीसेच्या उपासांमध्ये शक्यतो होत नाहीत, त्यामुळे ईस्टरनंतर, म्हणजे बरोबर एप्रिल-मेमध्ये, वसईत आणि गोव्यात लग्नांची गर्दी. थ्री-पीस सूटमधला वास्को किंवा मडगावचा नवरदेव पाहून घशाला कोरड पडते. सूट टाळता येत नसेल तर टेलरला अर्ध्या अस्तराचा, म्हणजे फक्त खांदे आणि बाह्यांना अस्तर असलेला कोट मागा. पाठ मोकळी राहते. कापड लिनन किंवा पातळ विणीचं 'ट्रॉपिकल वूल'. लोकर म्हटल्यावर दचकू नका, ही लोकर स्वेटरची नव्हे. आणि वास्कट काढून टाका.

रजिस्टर लग्नवाल्यांनाही एक आठवण. स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४ प्रमाणे नोटीस देऊन ३० दिवस थांबावं लागतं आणि तीन साक्षीदार लागतात. म्हणजे कपडे शिवायला तुमच्याकडे आपोआप एक महिना असतो! तरीही कितीतरी मुलं ऑफिसचा शर्ट-पँट घालून सहीला जातात, आणि शेजारी मुलगी सुंदर साडीत. फोटोत ती नवरी दिसते आणि तो साक्षीदार.

पोशाख कुणाचा, पैसे कुणाचे?

आता या विषयातला अवघड भाग. नवरदेवानं काय घालायचं हे बऱ्याच घरांत नवरदेव ठरवतच नाही. लग्नाच्या याद्या करताना एक ओळ असते, 'मुलाचा पोशाख : मुलीकडून'. मुलाकडून मुलीला शालू, मुलीकडून मुलाला सूट, अशी ती देवाणघेवाण. ऐकायला समान वाटते. पण कार्यालयाचं भाडं, जेवण, मानपान यांचा मोठा वाटा आधीच मुलीच्या वडिलांच्या बाजूला असतो, आणि त्यात जावयाच्या पोशाखाला कमी खर्च केला तर 'काहीच केलं नाही' हे ऐकावं लागेल ही धास्ती.

माझ्या मामेभावाच्या लग्नात हेच झालं. लग्न नागपूरला, मेमध्ये. दादाला साधा सुती कुर्ता आणि धोतर हवं होतं, होणाऱ्या वहिनीलाही ते आवडलं होतं. पण तिच्या बाबांना ते अजिबात पटेना. साधा कुर्ता घेतला तर आपण पैसे वाचवले असं तुमच्याकडचे म्हणतील, ही त्यांची काळजी. आणि आमच्याकडे खरंच दोन-तीन जण असे होते, ज्यांनी ते म्हटलं असतं. म्हणजे एका माणसाच्या अंगात ४४ अंशांत काय असावं, हे ठरत होतं दुसऱ्याच कुणाच्या इज्जतीवरून.

शेवटी मामीनं तोडगा काढला. तिनं फोन करून विहिणीला सांगितलं, की दोन्ही घरांनी आपापल्या मुलाचे कपडे आपणच घ्यायचे, आणि हे आपण दोघींनी मिळून ठरवलं असं सगळ्यांना सांगायचं. मुलीच्या घरचं ओझं गेलं आणि शंका घ्यायला कुणाला जागाही उरली नाही. दादा आणि वहिनी दोघं मिळून गांधीबागेत कापड बघायला गेले. त्यांना एक गोष्ट मात्र तिथेच लक्षात आली, ती मला फार महत्त्वाची वाटते. दादा हलक्या मलमलीत आणि वहिनी जरीच्या जड शालूत, अंगावर दागिने, असं असेल तर 'कॅज्युअल' फक्त मुलाचं झालं. तिनं मग करवतकाठी टसरची साडी घेतली, त्याच विणकराकडचं उपरणं दादाला. शालू नाही म्हणून आमच्या एक आत्या थोड्या नाराज होत्या, पण जेवणात त्यांनी वहिनीची साडी दोनदा हात लावून पाहिली.

कायद्याचंही एक बोट इथे आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. न मागता, हौसेनं दिलेली भेट आणि मागून घेतलेली वस्तू यांत तो फरक करतो. यादीत लिहून घेतलेला सूट हा हौसेचा की मागणीचा, हे प्रत्येक घरानं आपापल्या यादीकडे बघून ठरवावं. आपल्यापैकी जी मुलं 'मी हुंडा घेणार नाही' असं ठामपणे म्हणतात त्यांनी आपल्या सुटाचं बिल कुणी भरलं हेही एकदा विचारावं.

टेलर, ताक आणि चप्पल

काही बारीक गोष्टी राहिल्या. लग्नसराईत टेलर देव होतो आणि देवासारखाच भेटत नाही. दीड महिना आधी कापड टाका. सुती आणि खादीचं कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यातच कुर्ता धाकट्या भावाचा होतो. काखेत कापड सैल ठेवायला सांगा, कारण नवरदेवाला दिवसभर हात वर करावे लागतात. हार घालायला, वाकून नमस्कार करायला आणि मित्रांनी उचललं की त्यांच्या खांद्यांना धरायला. आणि एकाच कापडाचे दोन कुर्ते शिवून घ्या. जेवणाच्या आधी कोरडा कुर्ता बदलायला मिळणं म्हणजे काय सुख असतं, ते घालणाऱ्यालाच कळेल. भाड्याची शेरवानी एका दिवसासाठी घेण्यापेक्षा यात खर्च क्वचितच जास्त होतो, आणि हे कुर्ते पुढे दिवाळीलाही चालतात.

कपडे कितीही हवेशीर असले तरी पोटात पाणी हवं. मुहूर्तापर्यंत काही खायचं-प्यायचं नाही असा रिवाज काही घरांत पाळतात. उपास धरा हवा तर, पण पाणी सोडू नका. ताक, पन्हं, कोकम सरबत काहीही चालेल. चक्कर, डोकेदुखी, मळमळ वाटली की कोट-फेटा काढून सावलीत आडवं व्हायचं, मुहूर्त चार मिनिटं थांबतो. बोलण्यात घोळ होऊ लागला, अंग तापलं आणि घाम थांबला तर थेट हॉस्पिटल, तिथे लाजायचं नाही.

राहता राहिली पावलं. बंद मोजडीत मोजे घालता येत नाहीत आणि न घालता फोड येतात. कोल्हापुरी चप्पल हे आपल्या हवेचं पादत्राण आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, उघडी बोटं, सपाट तळ. २०१९ मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दाखवली, केवढा गदारोळ झाला आठवतं ना? भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचं त्यांना नंतर मान्य करावं लागलं. मिलानचे मॉडेल ती घालून चालू शकतात तर आपला नवरदेवही चालेल. फक्त नवी कोल्हापुरी चावते. लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी आणून, आतून तेल लावून, रोज संध्याकाळी घरात घालून फिरायचं. आणि जोडे लपवायला टपलेल्या मेहुण्यांसाठी एक सूचना : कोल्हापुरी करकर वाजते, त्यामुळे पळवताना हातात धरूनच पळा.